पिवळा दिवस

कॅलेंडरवरचा तो पिवळा चौकोन जवळून पाहिला तर रंग रेघेबाहेर गेलेला होता – शेजारच्या उद्यावर, केसभर. रंगवलेला तिनंच. वर्षाच्या सुरुवातीला एखादी रिकामी दुपार गाठून ती सगळे चौकोन रंगवून टाकायची. लाल म्हणजे बाजार बंद, बँकाही बंद. त्या दिवशी कुणी यायचंच नाही. आणि पिवळा म्हणजे बाजार चालू, बँका बंद. असे दिवस वर्षातून येऊन जाऊन दोन-चार, पण ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना तिची दमछाक व्हायची. आज सकाळी डबा भरताना आईनं पुन्हा विचारलंच होतं, "बाजार चालू आहे ना? मग बंद काय आहे?" आणि चपला घालता घालता ती म्हणाली होती, "पोचणं बंद आहे, आई."

लोकांना वाटतं, शेअर विकले म्हणजे गेले. तसं नसतं. विकतो त्या दिवशी नुसता शब्द जातो. वस्तू जाते ती कामाचे दोन दिवस उलटल्यावर, एका सकाळी – शेअर इकडून तिकडे, पैसे तिकडून इकडे – आणि मधल्या वेळात ते शेअर कुणाचे म्हणायचे, तर ज्याच्या खात्यात दिसतात त्याचे ते उरलेले नसतात, आणि ज्याचे झालेत त्याच्या खात्यात ते आलेले नसतात. शेअरदलालाच्या या कंपनीत 'सेटलमेंट'चं, म्हणजे या मधल्या वेळाची राखण करण्याचं काम तिचं. बँका बंद असल्या की तो दिवस मोजायचाच नाही, पुढं ढकलायचा. म्हणजे आज पडद्यावर आकडे हिरवे-तांबडे होऊन पळत होते, पलीकडच्या टेबलावर डीलर – तोंडाच्या वेगामुळं सगळे त्याला बुलेट म्हणत – दोन्ही कानांना दोन फोन लावून ओरडत होता, शब्द दिले-घेतले जात होते, आणि तरीही कुठली गोष्ट कुठं पोचत नव्हती. तिच्या टेबलावर तर इतकी शांतता होती की पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरचं पान हललं तरी तिला ते कुणी उठून गेल्यासारखं ऐकू येत होतं.

फोन वाजला. कप्तानाची वेळ.

कप्तान रोज याच सुमाराला फोन करायचा. घ्यायचं-विकायचं काही नसलं तरी. उभा जन्म बंदरातली प्रवासी बोट या काठावरून त्या काठावर नेण्यात गेलेला माणूस, पण रुबाब असा की जणू सात समुद्र पालथे घातलेत. "पाण्यात एकदाही बुडालो नाही, सेटलमेंटबाई. बाजारात मात्र दोनदा!" – आणि मग तो हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि खोकला संपेपर्यंत ती रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून थांबायची. सेटलमेंटबाई हे नावही त्याचंच. परवा मात्र तो हसला नव्हता. "सगळे काढून टाका," म्हणाला होता. "एकूण एक. माझ्या मागं हिला या भानगडी जमायच्या नाहीत. शेअर माझ्या एकट्याच्या नावावर, वारस लावायचा म्हणता म्हणता राहून गेला. बँकेतलं खातं दोघांचं आहे, तिथं पैसे पडले की ती मोकळी." ती म्हणाली होती, "तुमचं आपलं काहीतरीच, कप्तानसाहेब." आणि बुलेटनं तासाभरात सगळे शेअर विकून टाकले होते. ते आज पोचायचे. आजचा दिवस पिवळा, म्हणून उद्या.

"बोला कप्तानसाहेब –"

पलीकडून बाईचा आवाज आला, जपून पाय टाकावा तसा. "सेटलमेंटबाईच ना? ते तुम्हाला असंच म्हणायचे..." आणि एक श्वास जाऊन, "...म्हणतात."

म्हणायचे. म्हणतात. एवढंसं अंतर, मधे एक श्वास.

"काकू?"

"हो. मीच. तुम्हाला विचारायचं होतं, आज ते सगळं पुरं होणार होतं ना? ते म्हणाले – आज होईल म्हणून."

"आज बँका बंद आहेत, काकू. उद्या सकाळी होईल."

"हं. बँका बंद." काकूंच्या मागं कुठंतरी खुर्च्या सरकवल्याचा आवाज होता, पुष्कळ पायांचा, पण कुणी मोठ्यानं चालत नाही असा, आणि मग दाराच्या जवळून एका पुरुषानं हलकेच विचारलं, 'किती वाजता न्यायचं ठरलं?' – आणि लगेच कुणीतरी त्याला गप्प केलं. काकूंनी बहुधा रिसीव्हरवर हात धरला. नुसता अंधार ऐकू यावा तसं काहीतरी तिला ऐकू आलं. मग हात निघाला.

"उद्या नक्की ना? मधे काही... अडत नाही ना?"

"त्यांच्याशी एकदा बोलावं लागतं, काकू. आज संध्याकाळच्या आत. सत्तरीच्या पुढच्यांना आम्ही आदल्या दिवशी फोन करतो, त्यांनी हो म्हटलं की मग शेअर सोडतो. तसा नियम आहे."

"माहीत आहे. ते बोलले होते मला. सेटलमेंटबाईंचा फोन येईल, म्हणाले." पुन्हा तो श्वास. "आत्ता त्यांना उठवता नाही यायचं. दुपारी करा. चारच्या पुढं करा. तोवर घरात... शांत झालेलं असेल."

फोन ठेवल्यावर तिनं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर टेबलावरच्या पेन्सिलीला टोक काढलं. खरं म्हणजे ते आधीच अणकुचीदार होतं.

मला कुणी काही सांगितलेलं नाही. तिनं स्वतःला अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. एका बाईनं एका वाक्यात एक क्रियापद चुकवलं आणि दुरुस्त केलं. एका माणसानं विचारलं, किती वाजता न्यायचं – काय न्यायचं, कुणाला, ते तो बोलला नाही. दवाखान्यातही नेतात माणसाला. फर्निचरसुद्धा नेतात. मला काहीच माहीत नाही, आणि जोवर माहीत नाही तोवर...

तोवर काय होतं ते तिच्याइतकं त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्राहकाच्या खात्यातून शेअर सोडायचा अधिकार कंपनीला त्यानं लिहून दिलेला असतो, पण तो अधिकार माणसाच्या श्वासाला बांधलेला. माणूस गेला की तोही गेला. कंपनीला कळलं की खातं त्या क्षणी गोठवायचं. मग विकलेले शेअर पोचत नाहीत, घेणाऱ्यासाठी बाजारातून दुसरे विकत घ्यावे लागतात, त्याचा भुर्दंड गेलेल्या माणसाच्या माथी, आणि गोठलेलं सुटायला कोर्ट, वकील, वारसाचे दाखले, वर्षं. काकूंनी कधी बँकेची स्लिपही भरलेली नव्हती. कप्तान हसून सांगायचा, ही सहीसुद्धा चित्र काढल्यासारखी काढते.

आजचा दिवस साधा असता तर कालच तिनं त्याला फोन केला असता. काल तो होता. काल तो होता का? – होता, कालही त्यानं याच वेळी फोन केला होता, हवेबद्दल बोलला होता, गुडघ्याबद्दल. 'हो, द्या सोडून' म्हणाला असता आणि आज सकाळी, घरात खुर्च्या सरकत असताना, सगळं बिनबोभाट पोचलं असतं. सगळं अडलं ते या एका दिवसात. एखाद्या जिन्याला जास्तीची पायरी असावी आणि नेमका तिच्यावरच माणसाचा तोल जावा.

"ताई, कप्तानाचा फोन होता ना?" बुलेटनं एक फोन मानेत धरून विचारलं. "कसाय म्हातारा?"

"बरे आहेत," ती म्हणाली.

आणि ते इतक्या सहज निघालं की तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. कारण तो आवाज तिचा नव्हता. तो तिनं पूर्वी ऐकलेला होता, अगदी याच सुरात, आईच्या अशाच कोरड्या ओठांतून: 'बरे आहेत बाबा. कामाचं लांबलंय जरा.'

ती चौथीत होती. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. गावोगावच्या गोदामांतले, साखर कारखान्यांतले ते मोठे काटे, ज्यांच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. एका खेपेला त्यांना मरण आलं ते एका काट्याखालच्या खड्ड्यात उतरलेले असताना. वर काय झालं, कुणी काय सोडलं, ते तिला कधी नीट सांगण्यात आलं नाही. मामा जाऊन तिकडेच सगळं उरकून आले, आणि आईनं ठरवलं की दादाची मोठी परीक्षा चालू आहे, त्याचे पेपर संपेपर्यंत मुलांना काही कळायचं नाही. दादाला कळायचं नाही म्हणजे हिलाही नाही, कारण हिच्या पोटात काही राहत नाही. आणि मग ते दिवस... आईनं ते दिवस कसे रेटले असतील? तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. आई स्वयंपाक करायची, दादाच्या खोलीचं दार हळू लावायची, शर्टांना इस्त्री करायची – बाबांच्याही. मी बाबांवर रुसले होते. त्यांनी कंपासपेटी आणायचं कबूल केलं होतं आणि ते येत नव्हते. मी आईला म्हणाले, आले की मी बोलणारच नाही त्यांच्याशी. आई म्हणाली, येऊ दे, मीच सांगते त्यांना.

त्या दिवसांत घरात फार बरं वाटायचं, हे तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आणि ते दुसरं. ते तर स्वतःलाही नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे फोन होता. एका संध्याकाळी तिथं ती खेळत असताना तो वाजला, घरात मोठं कुणी नव्हतं, तिनं उचलला. पलीकडे नुसती सळसळ, लांबवर पाऊस पडत असल्यासारखी, आणि त्या सळसळीत कुणीतरी तिला हाक मारली – घरी मारायचे त्या नावानं, एकदाच. ती धावत वर गेली. 'आई, बाबांचा फोन होता!' आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर तिला आज इतक्या वर्षांनीही उलगडलेली नव्हती, कारण तिच्यात राग नव्हता, रडूही नव्हतं. आईनं ओला हात पदराला पुसला आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं विचारलं –

'काय म्हणाले?'

'नीट ऐकू नाही आलं.'

'हं,' आई म्हणाली. आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

दादाचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आईनं दोघांना समोर बसवून सांगितलं. बाबा गेले ती तारीख एक आहे. आई दर वर्षी ती पाळते, त्या दिवशी कमी बोलते. पण माझे बाबा त्या दिवशी गेलेच नाहीत. माझे बाबा दादाच्या शेवटच्या पेपराच्या दुपारी गेले. मधल्या दिवसांत ते कुठं होते... ते कुणाचे होते...

"अहो, साहेब विचारतायत," बुलेट समोर उभा होता. जेवणाची वेळ होऊन गेलेली. तिचा डबा न उघडलेला. "कप्तानाचं उद्याचं. रक्कम मोठी आहे, फोन झाला का म्हणून."

"चारनंतर करणार आहे. ते झोपतात दुपारी."

"झोपू दे बापड्याला," बुलेट म्हणाला आणि गेला. झोपू दे. खिडकीबाहेर समोरच्या बँकेचं शटर ओढलेलं होतं. रस्त्यावर माणसं होती, रोजच्याइतकीच, पण तिला वाटलं की ती चालताहेत आणि पुढं सरकत नाहीत. एक माणूस पिशवी या हातातून त्या हातात घेत होता, कधीचा घेत होता. ती नजर काढून घेईपर्यंत पिशवी दुसऱ्या हातात गेलेली तिनं पाहिली नाही.

चार वाजून गेल्यावर तिनं नंबर फिरवला. या फोनवरचं बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. दर थोड्या वेळानं एक बारीकशी पिप् ऐकू येते, तिला एरवी ती ऐकूही यायची नाही. आज प्रत्येक पिप् कुणी बोटानं टिचकी मारल्यासारखी लागत होती. पलीकडे घंटा वाजत राहिली. रिकाम्या घरात वाजणारी घंटा वेगळी वाजते. भिंतींनी आपलं अंग काढून घेतलेलं असतं.

काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. काकू म्हणतील, ते झोपलेत, मी सांगते त्यांच्या वतीनं – आणि मी म्हणेन, नाही काकू, त्यांनाच बोलावं लागतं. मग काकू रडतील. मग त्या ते एक वाक्य बोलून टाकतील, आणि ते रेकॉर्ड होईल, आणि मग मला कळलेलं असेल. काकू, बोलू नका. कृपा करून मला काही सांगू नका...

घंटा थांबली. कुणीतरी उचलला.

"नमस्कार," ती म्हणाली, आणि रोजचं ठरलेलं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघत गेलं. "परवा विकलेले तुमचे सगळे शेअर उद्या सकाळी खात्यातून जाणार आहेत. तुमची संमती आहे ना, कप्तानसाहेब?"

सळसळ. लांबवर काहीतरी पडत असल्यासारखी. पिप्.

"कप्तानसाहेब?"

कुणीतरी घसा साफ केला. पूर्ण नाही, खोकला यायचा आणि मधेच राहायचा तसा. मग आवाज आला – जाड, खोल, रडून बसलेला म्हणावा तर बसलेला, म्हातारा म्हणावा तर म्हातारा.

"हो. द्या सोडून."

तिनं डोळे मिटले. रिसीव्हर कानाला घट्ट दाबून ती ऐकत राहिली, कारण त्यानंतर फोन ठेवला गेला नाही. पलीकडे कुणीतरी होतं, श्वास होता किंवा सळसळ होती, आणि ते तिची वाट पाहत होतं, तिनं आणखी काही विचारावं म्हणून. तिच्या जिभेवर एक प्रश्न आला. तो कप्तानासाठी नव्हता. तिला विचारायचं होतं – तिकडे कसं आहे. नाही, तेही नाही. तिला विचारायचं होतं, त्या संध्याकाळी मला हाक मारून तुम्ही पुढं काय म्हणालात.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आभारी आहे." आणि ठेवला.

संगणकावर खूण करायला एक क्षण लागला. ग्राहकाशी बोलणं झालं: हो. उद्यासाठी शेअर सोडले: हो. पडदा हलला, स्थिर झाला. आता उद्या सकाळी काकू मोकळ्या. कुणाचं काही बुडलं नाही, घेणाऱ्याला त्याचं मिळालं, देणाऱ्याचं पोचलं. परवा-तेरवा घरून निरोप येईल, साहेब चुकचुकतील, बुलेट म्हणेल, अरेरे, परवाच तर बोलले ताईंशी – आणि तेव्हाही ते खरंच असेल.

"झालं का?" साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं.

"झालं. बोलले."

"आवाज कसा होता? परवा मला जरा खोल वाटला."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. आवाज कसा होता. कोपऱ्यातल्या खोलीत रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, हेडफोन होता. जाऊन ऐकायला कुणाची हरकत नव्हती. काकूंचा असेल. कुणी दिराचा असेल, मुलाचा असेल. कप्तानाला मुलगा होता की नाही हे इतक्या वर्षांत तिनं विचारलंच नव्हतं. पुन्हा ऐकलं तर कळेल. म्हणूनच ती उठली नाही.

"खोलच होता," ती म्हणाली.

परत जाताना तिनं बस घेतली नाही. रस्ते धुवून पुसून ठेवल्यासारखे वाटत होते, दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या पण त्यांतले शब्द आत उतरत नव्हते. आपल्याला पश्चात्ताप होईल असं वाटून ती त्याची वाट पाहत चालली होती. तो आला नाही. भीतीही नेमकी नव्हती. काहीतरी सैल झालं होतं आत. जन्मभर घट्ट धरलेली एखादी दोरी कुणीतरी दुसऱ्या टोकानं सोडून द्यावी, आणि आपण ती ओढत राहावं, आणि ती येत राहावी, येत राहावी...

आईला विचारावं. आज विचारावं. तू त्या दिवशी मला 'काय म्हणाले' असं का विचारलंस? तुला ठाऊक होतं ना की – मग का विचारलंस? की तुलाही वाटलं, अजून कुणी तुला नीट सांगितलेलं नाही?

जिन्यावर अजून उजेड होता. तिनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. आतला बोळ अंधारा. टोकाला बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी आईची खुर्ची, पाठ इकडे, खुर्चीच्या पाठीवरून आईच्या डोक्याचा पांढरा भाग दिसत होता. डोकं जरा कलतं होतं. रोजच कलतं असतं. रोज या वेळी आईचा डोळा लागतो, आणि रोज दाराचा आवाज झाला की ती बोलते, आणि ते ऐकलं की हिच्या मनातली दिवसभराची एक बारीक कळ, असल्याचंही कळू न देता, विझून जाते.

तिनं दार लावलं.

"आलीस का गं?"

आईचाच आवाज. थोडा घोगरा, झोपेतून आलेला, वाक्यही रोजचं. तिनं एक चप्पल काढली. दुसरी काढायला वाकली आणि तशीच थांबली, भिंतीला हात टेकून. कारण आवाज आला होता आणि कळ विझली नव्हती. आवाज म्हणजे नुसता आवाज. तो कुठूनही येऊ शकतो. पांढरं डोकं हललं नव्हतं.

एरवी ती लगेच 'आले' म्हणायची. आता तो शब्द तिच्या तोंडात होता, आणि तिनं तो तिथंच ठेवला. खुर्ची कुरकुरेल, बांगडी वाजेल, आई वळून बघेल. किंवा काहीच होणार नाही. दोन्हींपैकी एक अजून व्हायचं होतं. ती अंधारात उभी राहिली, एका पायात चप्पल, श्वास धरून, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला घाई नाही. आपल्याला इथं, या बोळात, फार बरं वाटतंय.